पुढला कवा?

पाटण तालुक्यातल्या एका वाडीत, शाळेच्या मागच्या अंगाला, मी कमरेइतक्या खड्ड्यात उतरून भूकंपमापक बसवत होते. हे काम दिसायला गवंड्याचं आहे. कातळ लागेपर्यंत खणायचं, त्यावर सिमेंटचा लहानसा ओटा धरायचा, तो वाळला की त्यावर यंत्र ठेवायचं, यंत्रावरची खूण उत्तरेशी जुळवायची आणि मग तिन्ही पायांचे स्क्रू केसाकेसाने फिरवत पाणसळीतला बुडबुडा वर्तुळाच्या बरोबर मध्ये आणायचा. बुडबुडा मध्ये येतोय न येतोय तोच वरून आवाज आला, "पोरी, पुढला कवा यायचा, त्ये सांगतंय व्हय गं ह्ये यंत्र?"

डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या एक आजी खड्ड्याच्या काठाशी उभ्या होत्या. मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. "नाही आजी, आधी नाही सांगता येत. झाला की मग हे नोंद करतं."

"झाल्याव आमास्नी बी कळतंय की," असं म्हणून आजी चालू लागल्या.

हे पुस्तक लिहावं असं मनात आलं ते त्या वाक्यामुळे. भूकंपशास्त्रात येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी आजींचाच प्रश्न घेऊन येतो. कुणी तो उघड विचारतो, कुणी प्रवेशाच्या अर्जात जरा सजवून लिहितो. पुढची पाच-सहा वर्षं तो प्रश्न तासून तासून लहान करण्यात जातात. 'पुढचा कधी?' याच्या जागी 'कालचा कुठे झाला?' येतं, मग 'किती खोल?', मग 'खडक कोणत्या बाजूला सरकला?' आणि शेवटी प्रबंधाच्या पहिल्या पानावर जो प्रश्न उरतो, तो घरच्यांना समजावून सांगताना घाम फुटतो. प्रश्नाचं हे आकसणं म्हणजे हार, असं मला फार दिवस वाटायचं. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेवढं सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवते आहे.

आपल्याकडे या शास्त्रात ठरवून येणारे थोडेच. डॉक्टर व्हायचं म्हणून मुलं दहावीपासून झुरतात. भूकंपाचा अभ्यास करायचाय म्हणून कुणी झुरलेलं मी तरी पाहिलं नाही. मी साताऱ्यात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. जॅम नावाची एक परीक्षा असते आणि ती दिली की आयआयटीत एम.एस्सी. करता येतं, हे मला तिसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीच्या भावाकडून कळलं. अर्जात भूभौतिकी हा विषय दिसला. भौतिकीच्या मागे 'भू' लागलंय, म्हणजे निम्मं तरी ओळखीचं असेल, एवढ्या भांडवलावर मी तो भरला. वडिलांनी विचारलं, "म्हणजे खाणीत जाणार का तू?" मलाही नीट माहीत नव्हतं.

या घराला तीन दारं आहेत. भूगर्भशास्त्राच्या दारातून येणाऱ्याला खडक कळतो, पण लहरींचं समीकरण पाहिलं की त्याला धडकी भरते. भौतिकशास्त्राच्या दारातून येणाऱ्याला समीकरण सुटतं, पण ग्रॅनाइट आणि नीस शेजारी ठेवले तर तो गप्प होतो. स्थापत्य अभियांत्रिकीतून येणाऱ्याला इमारत कशी डोलते हे ठाऊक असतं. ती कशावर उभी आहे, हा प्रश्न त्याला उशिरा पडतो. जे दार तुमचं नाही त्याची उणीव पहिल्या दोन वर्षांत भरून काढावी लागते. मुंबई, खरगपूर, रुरकी इथल्या आयआयटींत हे विषय शिकवले जातात. रुरकीत भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण १९६० पासून चालू आहे. संशोधनासाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आहे, डेहराडूनची वाडिया संस्था आहे, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, आणि कराडला तर खास कोयनेच्या भूकंपांसाठी उभी केलेली विंधनविवरांची प्रयोगशाळा आहे. नेट किंवा गेट, त्यानंतर मुलाखत, त्यानंतर शिष्यवृत्ती, असा हा क्रम. तो सरकारी संकेतस्थळांवर सापडतो, म्हणून त्यावर मी फार शाई खर्च करणार नाही. तिथे न सापडणारं असं बरंच काही आहे.

पहिल्या वर्षी मार्गदर्शकांनी माझ्या हातात एक कागद दिला. सगळं संगणकावर असताना कागद कशाला, तर पट्टी आणि पेन्सिल हातात धरावी लागते म्हणून. कागदावर तीन आडव्या रेघा होत्या. एक जमिनीच्या वर-खाली हालचालीची, दुसरी उत्तर-दक्षिण, तिसरी पूर्व-पश्चिम. डावीकडे तिन्ही नुसत्या थरथरत होत्या, उजवीकडे पिसाळल्या होत्या. "पी कुठे आली, दाखव," सर म्हणाले. मी सगळ्यांत उंच लाटेवर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली आणि भिंग पुढे सरकवलं. भिंगाखाली, त्या धिंगाण्याच्या बरंच आधी, वरची रेघ एके ठिकाणी किंचित उचलली गेली होती. मांजराने कान टवकारावा इतकीच. ती पी.

पी ही पहिली पोचणारी लहर. खडकाला पुढे-मागे ढकलत ती येते, आवाज हवेतून येतो तशी. कठीण खडकात तिचा वेग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. एस ही दुसरी. ती खडकाला आडवी हलवत येते, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटरने. कराडहून एकाच क्षणी एक मोटारसायकल आणि घाट चढणारी एक एसटी सुटली आहे असं समजा. मोटारसायकल आल्यावर एसटी जितकी उशिरा येईल, तितकं कराड लांब. पी आणि एस यांच्यामधले सेकंद मोजायचे आणि त्यांना आठाने गुणायचं. साडेबारा सेकंद भरले तर भूकंप सुमारे १०० किलोमीटरवर झाला. एवढ्या साध्या गुणाकारावर या शास्त्राचा निम्मा डोलारा उभा आहे.

एका केंद्रावरून अंतर कळलं, तरी जागा कळत नाही. म्हणून नकाशावर त्या केंद्राभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं. दुसऱ्या केंद्राचं दुसरं, तिसऱ्याचं तिसरं. शाळेतल्या भूमितीत अशी तीन वर्तुळं मुकाट्याने एका बिंदूत भेटतात. माझी भेटली नाहीत. मधोमध एक वाकडातिकडा त्रिकोण उरला. मी खोडरबर उचललं, तेव्हा सर म्हणाले, "राहू दे तो. तेवढं आपल्याला माहीत नाही." खडकातला लहरींचा वेग सगळीकडे सारखा नसतो, भूकंप पृष्ठभागावर न होता काही किलोमीटर खाली होतो, आणि माझी पेन्सिलही जाड होती, हे सगळं त्या त्रिकोणात मावलं होतं. आज संगणक तेच काम करतो आणि त्रिकोणाऐवजी लंबगोल काढून देतो. वर्तमानपत्रात छापून येतो तो मात्र नुसता केंद्रबिंदू. लंबगोल छापायला जागा नसते.

भाषेचाही एक घोटाळा पहिल्याच वर्षी निस्तरावा लागतो. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना 'तीव्रता' म्हणतो. भूकंपात एकंदर किती ऊर्जा मोकळी झाली याचा एक आकडा असतो; एका भूकंपाला एकच. त्याला या पुस्तकात मी परिमाण म्हटलं आहे. तो आकडा एकाने वाढला, तर ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे अमुक गावात जमीन किती हादरली. ती गावागणिक, कधीकधी आळीगणिक बदलते, आणि तीव्रता हा शब्द मी फक्त तिच्यासाठी ठेवला आहे. मिरवणुकीत ढोलावर टिपरू पडलं ते एकदाच. पण चौकातल्या घराच्या खिडक्या वाजल्या आणि गावाबाहेरच्या मळ्यात नुसती धडधड ऐकू आली. खालची माती भुसभुशीत असेल, तर मळ्यातलं घरही चौकातल्यासारखंच वाजेल.

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर पूर्वसूरींच्या तसबिरी नव्हत्या. मीच माझ्यापुरत्या काही जमवल्या. त्यातली पहिली रिचर्ड ओल्डहॅम यांची. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. ओल्डहॅम तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. त्यांनी पडझड तर पाहिलीच, पण हजारो किलोमीटर लांब युरोपात उमटलेल्या याच भूकंपाच्या नोंदीही चाळल्या. त्या नोंदींत तीन वेगळ्या चालींच्या लहरी एकामागोमाग आल्याचं त्यांनी दाखवलं. त्यातल्या पहिल्या दोन म्हणजे आजच्या पी आणि एस. पुढे १९०६ साली अशाच नोंदींवरून, पृथ्वीच्या पोटात वेगळ्या द्रव्याचा गाभा आहे, असं त्यांनी मांडलं. आसामातल्या पडलेल्या भिंतींपासून निघालेला माणूस पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत गेला, तो दुसऱ्यांच्या यंत्रांवरच्या रेघा वाचत वाचत.

दुसरी तसबीर आपल्या मुंबईतली. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन मिल्न यांच्या रचनेचा भूकंपमापक बसला. त्याच सुमारास कलकत्त्यात अलीपूरला आणि दक्षिणेत कोडाईकनालला. अशा यंत्रावर भूकंप नसतानाही एक बारीक थरथर उमटत राहते. पुढे वेधशाळेचे संचालक झालेले सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी ती निरुपयोगी म्हणून फेकून दिली नाही. समुद्रात वादळ उठलं की ही थरथर वाढते, हे त्यांनी जुळवून पाहिलं आणि १९३० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. अरबी समुद्र खवळतो तो कुलाब्याच्या कातळात ऐकू येतो, हे तिथे बसून कागदावर दाखवलं गेलं.

तिसरी तसबीर माझी सगळ्यांत लाडकी. इंगे लेमान, जन्म १८८८, कोपनहेगन. गणित शिकायला केंब्रिजला गेल्या, अतिश्रमाने खचून परत आल्या, काही वर्षं विम्याच्या हिशेबांच्या कचेरीत काम केलं, मग पुन्हा विद्यापीठात गेल्या. भूकंपशास्त्राशी त्यांची गाठ पडली ती १९२५ साली, सदतिसाव्या वर्षी, साहाय्यक म्हणून. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या मोठ्या भूकंपाच्या नोंदींत काही लहरी जिथे पोचायलाच नको होत्या तिथे पोचलेल्या त्यांना दिसल्या. ओटच्या खोक्यांत पुठ्ठ्याची कार्डं लावून, त्यांवर एकेक नोंद लिहून त्या हिशेब जुळवत बसत, अशी आठवण त्यांच्या नात्यातल्या एकाने लिहून ठेवली आहे. १९३६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की द्रवरूप गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा अंतर्गाभा आहे. संगणक नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. चुकीच्या जागी आलेली बारीकशी रेघ आणि ती सोडून न देणारी बाई. 'आता या वयात विषय बदलू का?' असं कुणी विचारलं, की मी लेमान बाईंचं नाव सांगते.

मराठी विद्यार्थ्याला उदाहरणांसाठी जपान किंवा कॅलिफोर्निया गाठायची गरज नाही. आपल्या घरात दोन मोठे धडे आहेत आणि जगभरचे अभ्यासक ते शिकायला इथे येतात.

पहिला कोयनेचा. १९६१-६२ पासून कोयना धरणाच्या शिवाजीसागरात पाणी साठू लागलं आणि लवकरच आसपासच्या गावांत हादरे जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी, ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, जवळजवळ दोनशे माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. धरणाच्या पाण्याने चेतवलेल्या भूकंपांपैकी जगातला हा सर्वांत मोठा मानला जातो. 'धरणामुळे भूकंप' हे वाक्य सोपं आहे आणि अपुरं आहे. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो. सहा इंची दाभण सहज आत जाणार नाही अशा बारीक फटींतून पाणी खाली मुरतं, भेगांमधला दाब वाढतो आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या दोन पृष्ठभागांची पकड सैल होते. पाणी निमित्त होतं. पावसाळ्यात धरण भरताना आणि भरल्यानंतरच्या महिन्यांत इथे धक्के वाढतात, हे अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसलं आहे. पाच किंवा त्याहून अधिक परिमाणाचे वीसहून जास्त भूकंप इथे झाले आणि तेही धरणाच्या दक्षिणेला वारणेकडे पसरलेल्या, सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद पट्ट्यात. जवळपास दुसरा कुठलाही भूकंपप्रवण भाग नाही. इतक्या लहान अंगणात, इतकी वर्षं, इतक्या नेमाने येणारे भूकंप संशोधकाला दुसरीकडे मिळत नाहीत. म्हणूनच २०१७ साली गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झालं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. भूकंप त्या खालच्या खडकात होतात. ज्याच्याबद्दल आम्ही पृष्ठभागावरून तर्क करत होतो, त्याचा तुकडा हातात घेताना मी दोन मिनिटं काही बोलले नव्हते.

दुसरा धडा किल्लारीचा, आणि तो शिकताना शास्त्रज्ञाची मान खाली जाते. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. परिमाण ६.२. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसं गेली. तोवरच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. दख्खनचं पठार स्थिर आहे, या समजुतीला कोयनेने तडा दिला होता, तरी तिथे धरणाकडे बोट दाखवता येत होतं. किल्लारीत तशी सोय उरली नाही. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, तिथे हादरे जाणवले होते; पण अशा हादऱ्यांमागून मोठा भूकंप येईलच असं नसतं, आणि बहुतेक वेळा येतही नाही. पुढे २००२ च्या नकाशातून पहिलं क्षेत्रच काढून टाकलं. 'इथे धोका जवळजवळ नाही' असं लिहिलेला रंग देशाच्या नकाशावर उरला नाही.

किल्लारीची दुसरी शिकवण भिंतींची. चार वर्षं आधी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. परिमाण ६.९, म्हणजे ऊर्जा किल्लारीच्या सुमारे अकरा पट. माणसं गेली त्रेसष्ट. मराठवाड्यातली जुनी घरं मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंतींची. आत एक थर, बाहेर एक थर, मध्ये भर, आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी सऱ्यांवर मातीचं माळवद. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती पडायची. उन्हाळ्यात ते घर माठासारखं गार असतं. पण जमीन आडवी हलली, की भिंतीचे दोन थर सुटून दोन दिशांना जातात आणि माळवदाचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर येतं. भूकंपाने माणसं मरत नाहीत, घरं पडून मरतात, हे वाक्य आमच्या शास्त्रात पहिल्याच तासाला सांगतात. मला ते कळलं ते किल्लारीतल्या एका पडक्या भिंतीच्या कापात मधली भर हाताने चाचपली तेव्हा.

आता माझ्या एका फजितीची गोष्ट. पाटणजवळच्या एका केंद्रावर यंत्राचं घड्याळ जीपीएसवर चाले. छपरावर लहानशी अँटेना, तिथून खाली वायर. एका पावसाळ्यात रस्ता खचला म्हणून मी अडीच महिने तिथे फिरकले नाही. गेले, तेव्हा उंदरांनी वायर कुरतडली होती. यंत्र इमाने इतबारे नोंद करत होतं, पण वेळ आपल्या मनाची लावत होतं, आणि ती दिवसागणिक थोडी थोडी सरकत गेली होती. आमच्या धंद्यात एक सेकंद म्हणजे पी लहरीचे सहा किलोमीटर. अडीच महिन्यांच्या नोंदी वाया गेल्या असं धरून मी जिन्यात बसून रडले. चूक कुणाच्या माथी मारायलाही जागा नव्हती; वायरीला लोखंडी नळी घालायची राहिली होती ती माझ्याकडून.

दोन दिवसांनी सरांनी विचारलं, "घड्याळ चुकलं, पण एकाच भूकंपाच्या पी आणि एसमध्ये किती चुकलं?" जवळजवळ शून्य. बिघडलेलं घड्याळ दोन्ही लहरींना सारखंच चुकीचं दाखवत होतं, म्हणजे दोघींमधले सेकंद शाबूत होते. आठाने गुणायचं आणि वर्तुळ काढायचं. पहिल्या वर्षीच्या त्या कागदाने तिसऱ्या वर्षी माझा प्रबंध वाचवला.

त्याच नोंदींत मला बॅनर्जींची थरथर भेटली. जून लागला तशी रेघ जाड होत गेली होती, काही सेकंदांच्या संथ लयीत. हे केंद्र समुद्रापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर आत, मध्ये सह्याद्रीची अख्खी रांग. तरी कोकणाच्या किनाऱ्यावर पावसाळा कधी लागला, हे त्या रेघेवरून सांगता येत होतं. मी शोधत होते भूकंप. यंत्राने मात्र शाळेच्या मधल्या सुट्टीतली धावपळ, विहिरीवरचा पंप आणि समुद्र, सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. काय ऐकायचं आणि काय बाजूला ठेवायचं, हे ठरवणं संशोधकाचं काम. बाजूला ठेवलेल्यातच एखाद्याचा प्रबंध असू शकतो, एवढं मात्र विसरू नये.

आजच्या विद्यार्थ्याला माझ्या काळापेक्षा पुष्कळ गोष्टी हाताशी आहेत. जगभरच्या शेकडो केंद्रांच्या नोंदी फुकट उतरवून घेता येतात. ऑब्सपाय नावाची पायथनमधली आज्ञावली फुकट आहे. लातूरच्या महाविद्यालयातली मुलगी आपल्या लॅपटॉपवर, १९९३ साली किल्लारीच्या लहरी युरोपात पोचल्या तेव्हाची रेघ आज पाहू शकते. पी आणि एस ओळखण्याचं काम आता यंत्रबुद्धी करते, आणि ज्या बारीक भूकंपांवरून माणसाची नजर घसरते तेही वेचून काढते. तरी माझा हट्ट आहे, की पहिले शंभर भूकंप हाताने मोजावेत. यंत्र चुकलं हे ओळखायला, बरोबर कसं दिसतं हे आधी माहीत असावं लागतं. घड्याळ बिघडलं तरी नोंद वाचेल, हे मला कुठल्या आज्ञावलीने सांगितलं नसतं.

आता आजींच्या प्रश्नाकडे. भूकंपाचं भाकीत करता येतं का? चीनमध्ये हायचेंग इथे फेब्रुवारी १९७५ मध्ये भूकंपाआधी लोकांना घराबाहेर काढलं गेलं आणि पुष्कळ जीव वाचले. आधी लहान धक्क्यांची रांग लागली होती. पुढच्याच वर्षी जुलैत तांगशान हादरलं, तशी सूचना मिळाली नाही, आणि सरकारी आकड्यानुसार दोन लाखांवर माणसं गेली. कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डला ठरावीक वर्षांनी भूकंप येतो असं दिसलं, म्हणून १९९३ च्या आत पुढचा येईल असा अंदाज करून तिथे यंत्रांचं जाळं उभारलं. तो आला २००४ साली. यंत्रांनी तो टिपला सुरेख, पण तारीख हुकली ती अकरा वर्षांनी. इटलीत ला'अक्विला इथे एप्रिल २००९ मध्ये तीनशेवर माणसं गेली. त्याआधीच्या लहान धक्क्यांबद्दल लोकांना खोटा दिलासा दिल्याचा ठपका ठेवून सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना २०१२ साली शिक्षा झाली. शास्त्रज्ञ २०१४ साली अपिलात सुटले. 'काही होणार नाही' म्हणणं आणि 'होईलच' म्हणणं, दोन्ही सारखंच बेजबाबदार आहे; आणि घाबरलेल्या माणसाला या दोन्हींच्या मधलं काहीच ऐकायचं नसतं. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. माणसं थंडीत घराबाहेर झोपू लागली, मोबाइलवर 'आज रात्री मोठा येणार' असे निरोप फिरू लागले. तारीख आणि वेळ सांगणाऱ्या निरोपावर विश्वास ठेवू नका, एवढं आम्ही ठामपणे सांगू शकतो. त्यापुढचं सांगायचं ते सरांच्या त्रिकोणासकट. कुठल्या पट्ट्यात शक्यता किती, मातीचा थर कुठे धक्का वाढवेल, कुठलं घर टिकेल आणि कुठलं टिकणार नाही.

या पुस्तकाची मांडणी त्याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात रेघ वाचायला शिकायचं. त्यासाठी पट्टी, पेन्सिल आणि कंपास लागेल. दुसऱ्या भागात कोयना आणि किल्लारी सविस्तर. तिसऱ्या भागात केंद्र कसं उभारावं, वायरीला नळी कशी घालावी, सरपंचांना काय सांगावं आणि शेताच्या मालकाची परवानगी आधी का घ्यावी. शेवटचा भाग घरांचा. एका परीक्षकांनी विचारलं होतं, की भूकंपशास्त्राच्या पुस्तकात भिंती कशाला? त्यांना उत्तर म्हणून ती वाडी पुन्हा आठवते.

प्रबंध दिल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी यंत्र काढून आणायला तिथे गेले. आजींनी ओळखलं. मोळी नव्हती, हातात काठी होती. "सांगतंय का मग आता तुजं यंत्र?" त्यांनी विचारलं.

"कवा ते नाही सांगत, आजी. पण आला तर तुमची कुठली भिंत आधी जाईल, ते मला सांगता येईल."

त्या काही न बोलता मला घराच्या मागे घेऊन गेल्या. गोठ्याकडच्या भिंतीला पोट आलं होतं. बाहेरचा थर हातभर जागेत आतल्यापासून सुटला होता आणि सांध्यातली माती पावसाने धुऊन गेली होती. आतल्या बाजूला, त्याच भिंतीला लागून, नातवंडांचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. आरपार दगड कुठे आणि किती अंतराने बसवायचे, हे मी त्यांच्या मुलाला कोळशाने भिंतीवर खुणा करून दाखवलं. तोवर गवंडी मिळत नसेल तर निजायची जागा समोरच्या भिंतीकडे हलवा, म्हणून सांगितलं.

आजींनी अंथरुणाची वळकटी स्वतः उचलली आणि पलीकडे नेऊन टाकली. "इतकी वर्सं खड्ड्यात बसलीस," त्या म्हणाल्या, "आन् ह्ये आदी सांगाया काय झालं हुतं?"